चवीचा रकाना

आमच्या धंद्याच्या वहीत सात रकाने होते: तारीख, माल कुठून घेतला, भाजण्याआधीचं वजन, भाजल्यानंतरचं वजन, बरण्या किती भरल्या, चव, आणि शेवटी माझी सही. रेघा पट्टीने मारलेल्या आणि मथळे इंग्रजीत, कारण शाळेपासून निवृत्तीपर्यंत माझी कामाची सगळी टिपणं इंग्रजीतच झाली.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, आम्ही घरी केलेले साबण विकणार आहोत. तू धंदा केलास ना? मग बेसिक गोष्टी सांग." मी सांगितल्या. परवानगी आधी घ्या. काट्यावर वजन केल्याशिवाय काही भरू नका. लेबलवर जे लिहाल ते आत असलंच पाहिजे. किंमत ठरवताना स्वतःच्या वेळेला विसरू नका. तुम्ही भराभर टाइप केलंत, "थँक्यू आजी" म्हणालात आणि जेवायला पळालात.

नंतर मी कपाटातून ती वही काढली आणि सहावा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. तुम्हाला सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं लिहून पाठवते आहे. तुमची आई वाचून दाखवेल. तिलाही यातलं सगळं ठाऊक नाही.

तुमचे आजोबा गेले तेव्हा तुमच्यातलं एक पाळण्यात होतं. शेवटचे बारा दिवस ते दवाखान्यात होते. हृदय थकलं होतं, पायांवर सूज होती, मीठ बंद होतं. भिंतीवर आहाराचा तक्ता चिकटवलेला होता. मी त्याची प्रत माझ्या डायरीत उतरवून घेतली होती आणि समोर आलेलं ताट त्याच्याशी जुळतं का ते रोज पाहत असे. एका दुपारी, चारचा चहा येऊन गेल्यावर, ते म्हणाले, "अगं, उद्या चिमूटभर जवळ्याची चटणी आण ना."

जवळा म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी बारीक कोलंबी, उन्हात वाळवलेली. ती भाजून, लसूण, सुकं खोबरं आणि लाल मिरची घालून कोरडी चटणी करतात. आजोबा मूळचे कोकणातले. पंचपक्वान्नांचं ताट असलं तरी कडेला ही चटणी लागायची.

"मीठ बंद आहे तुम्हाला," मी म्हटलं.

"खायला नकोच. नुसती जिभेला लावतो. तोंडाला चवच नाही राहिली."

"घरी आल्यावर."

"घरी आल्यावर काय, तू वजन करून देशील," ते म्हणाले, हसले, आणि भिंतीकडे कूस वळवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

तेराव्याला नणंदबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याच्या नावाने काहीतरी सोड. आपल्यात सोडतात." ही पद्धत तुम्हाला माहीत नसेल. गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी खाण्यातली एक वस्तू जन्मभर वर्ज्य करायची. बहुतेक जण सीताफळ किंवा फणस सोडतात, वर्षातून चारदा समोर येणारं काही. मी असल्या गोष्टी मानणारी नव्हे. पण तोंडातून लगेच गेलं, "मासे सोडले." नणंदबाई दचकल्या. "अगं, फणस म्हण," त्या कुजबुजल्या. मी म्हटलं, बोलून झालं आता. दवाखान्यातलं त्यांना काय ठाऊक!

त्यानंतर दोनच दिवसांनी दारावर थाप पडली. दिवाळ्याची कोळीण उभी होती. दिवाळे आमच्या सोसायटीपासून रिक्षाने दहा मिनिटांवर, बेलापूरच्या खाडीला लागून. ही बाई वीसेक वर्षं आमच्याकडे मासे घेऊन येत होती. मी तिला बाय म्हणायची, ती मला ताय. आजोबा तिच्या पाटीशी खाली उकिडवे बसून घासाघीस करायचे आणि शेवटी ती सांगेल तेच देऊन वर यायचे. त्या दिवशी तिच्या डोक्यावर पाटी नव्हती. हातात स्टीलचा डबा होता.

"भाऊंनी सांगून ठेवलेली चटनी," ती म्हणाली. "दवाखान्यात जायच्या आधी. माझाच उशीर झाला, ताय."

"बाय, ते आता..."

"मना माहीत हाय. पन गेलेल्या मानसाची ऑर्डर घरात कशी ठेवू? मना ठेववेना."

मी डबा घेतला. झाकण उघडलं आणि तो वास घरभर झाला. माझ्या अगदी जवळून, मागून, कोणीतरी म्हणालं, "चिमूटभर." मी वळून पाहिलं नाही. झाकण लावलं आणि डबा तसाच खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकांना देऊन आले. दुसऱ्या दिवशी त्या रिकामा डबा घासून परत घेऊन आल्या. "कुठे मिळते हो ही? मला दोन डबे पाहिजेत. बहिणीलाही पाठवीन."

आमचा धंदा असा सुरू झाला. लोक म्हणायचे, निवृत्त झाल्यावर मॅडमना चांगला छंद लागला. 

बायचे गुडघे गेले होते. पाटी घेऊन जिने चढणं तिला होत नव्हतं आणि दुसरं पोट भरण्याचं साधन नव्हतं. मुलगा उरणकडे कंटेनरच्या गोदामात कामाला होता, त्याची कमाई त्याच्या संसाराला पुरायची. म्हणून मी जेव्हा म्हटलं की तू कर, मी विकते, तेव्हा ती आधी हसली आणि मग जिन्यातच बसली. "खरं बोलताव ना, ताय?"

भाजणं आणि कुटणं दिवाळ्याला तिच्या घरी, कारण आमच्या सोसायटीत वासाबद्दलची नोटीस लिफ्टमध्येच लावलेली होती. खाद्यपदार्थाची सरकारी नोंदणी मी केली. पाण्याची तपासणी, दोघींची वैद्यकीय तपासणी, लेबलवर मांसाहाराची तपकिरी खूण, सगळं. बरण्या काचेच्या, कारण प्लास्टिकला वास धरतो. लेबलवर काय छापायचं यावर मी तीन नमुने काढले. बायने ते उलटसुलट धरून पाहिले. "माझा फोटो नका टाकू. लोक मासं खायचं सोडतील."

माझा काटा तिला पहिल्यापासून खटकायचा. ती मुठीने घालायची, मी तिची मूठ काट्यावर उतरवून घ्यायची. मिरची, लसूण, खोबरं, सगळ्यांचे आकडे वहीत बसले. फक्त मीठ बसेना.

"त्याचा वजन नाय होत, ताय," ती म्हणाली. "कोनचा जवला पान्यातनं आनल्यावर खारवतात, कोनचा नाय. कोनचा अर्धा. त्याचा मीठ त्यालाच विचारायचा."

"कसं विचारायचं?"

तिने डाव्या तळहातावर चिमूट घेतली, जिभेने टिपली, डोळे मिटले. मग सावकाश मान हलवली. "झाला."

तेव्हा मी सहावा रकाना आखला. चव. आणि त्यापुढे माझी सही.

मी चव घेत नव्हते. मासे सोडल्याचं मी बायला कधीच सांगितलं नाही. काय सांगणार? नवरा मागत होता आणि मी तक्ता वाचत होते, हे? प्रत्येक घाण्यातली थोडी चटणी मी छोट्या बरणीत भरून घरी न्यायची. "घरी बघते," असं म्हणायची. तिने "झाला" म्हटलं की मी रकान्यात 'ओके' लिहायची, सही करायची, आणि ती छोटी बरणी घरी कपाटाच्या वरच्या फळीवर तारखेप्रमाणे लावून ठेवायची. एकही मी उघडली नाही. कपाट उघडलं की काचेमागे तो लालसर रंग ओळीने दिसायचा आणि मला वाटायचं, फळीच्या पलीकडून कोणीतरी धीराने वाट पाहतं आहे. मी कपाट लवकर लावायची.

तिच्या घरी तर मी दारातच बसायची, वारा खाडीकडून येईल त्या बाजूला. भाजण्याचा वास अंगावर आला की तो आवाज यायचा. एकच शब्द. कधी विनंती वाटायची, कधी नुसती आठवण. मी वहीत मान घालायची. चार वर्षं अशी गेली, आणि धंदा चांगला चालला. हे मी मुद्दाम सांगते. शिस्तीने केलेलं काम चालतं, बराच काळ चालतं. आत काय पोकळ आहे ते बाहेर दिसत नाही.

साथीच्या दुसऱ्या वर्षी बायला ताप आला. मी रोज सकाळी दहाला फोन करून तिच्या सुनेकडून ऑक्सिजनचा आकडा घ्यायची आणि वहीच्या मागच्या पानावर लिहायची. चौदा दिवसांचे चौदा आकडे अजून आहेत. त्या दिवसांत सगळं गाव एकमेकांना विचारत होतं, वास येतो का, चव लागते का. मी तिला ते विचारलं नाही. आकडा चांगला होता.

महिन्याने आम्ही परत काम सुरू केलं. तिने तळहातावर चिमूट घेतली, डोळे मिटले. "झाला." मी सही केली.

पाऊस लागला. बोटी बंद झाल्या, आधी भरून ठेवलेला जवळा काढला. आणि एके दिवशी सकाळी अकराला खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका बरणी घेऊन वर आल्या. पहिल्या डब्यापासूनचं आमचं गिऱ्हाईक.

"रागावू नका, पण ही तोंडात धरवत नाही. किती खारट! आणि तळाला कडू लागते."

"शक्य नाही. प्रत्येक घाणा तपासला जातो."

त्यांनी बरणी माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही खाऊन पाहिलीत?"

मी म्हटलं, वहीत नोंद आहे. माझ्या तोंडून असंच गेलं. वहीत नोंद आहे.

त्या आठवड्यात आणखी पाच बरण्या परत आल्या. मी वजनं पडताळली, पाण्याचा अंश, बरण्यांची झाकणं, सगळं बघितलं. आकडे चोख होते. शेवटी परत आलेली एक बरणी पिशवीत घालून मी दिवाळ्याला गेले.

बाय ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी बरणी पुढे केली. "बाय, लोक म्हणतात खारट झाली."

तिने चिमूट घेतली, डोळे मिटले. मी तिच्याकडे बघत होते. डोळे मिटल्यावर तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. पूर्वी तिथे काहीतरी चालायचं, आत कोणाशी तरी बोलत असल्यासारखं. "बरोबर तर हाय," ती म्हणाली.

आतून तिची सून कपडे घेऊन बाहेर येत होती. जाता जाता तिने बरणीत बोट घातलं, तोंडात टाकलं आणि गटारात थुंकली. "आये! यात काय मिठागर वतला का?"

 सून आमच्या दोघींकडे बघून आत निघून गेली.

"बाय," मी म्हटलं, "तुला चव लागत नाही?"

ती लसूण सोलत राहिली. दोन पाकळ्या झाल्या. "तापापासनं. माती खाल्ली तरी तसाच."

"दोन महिने! आणि तू मला सांगितलं नाहीस?" माझा आवाज ऑफिसातल्यासारखा चढला. "लोकांच्या पोटात जातंय हे. माझ्या सहीने जातंय!"

"सांगितला असता तर तुमी बंद केला असता. तुमची वही बंद झाली असती. माझी चूल बंद झाली असती." मग तिने वर पाहिलं. तिला राग आलेला नव्हता, आला असता तर बरं झालं असतं. "आनि तुमी होता ना, ताय. दर घान्याची बरनी घरी नेताव, चाखताव, सही करताव. मी म्हनलं, माझा चुकला तर ताय बोलतील. तुमी काय बोलला नाय. म्हनून मना वाटला, अजून हात सांगतोय बरोबर."

मी उठले. तिला वाटलं मी धंदा मोडायला उठले. "ताय," तिने हाक मारली, मी थांबले नाही.

घरी येऊन मी कपाट उघडलं. वरच्या फळीवर सगळे घाणे उभे होते, तारखेप्रमाणे, सीलबंद. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसून राहिले. त्या दुपारी तो आवाज आला नाही. मी कान देऊन बसले होते तरी आला नाही, आणि ती शांतता मला आवाजापेक्षा जड गेली. एका माणसाला मी एक चिमूट नाकारली होती. त्याची शिक्षा म्हणून स्वतःला दुसरं काही नाकारत राहिले, आणि त्याचा भार चार वर्षं एका तिसऱ्याच बाईच्या जिभेवर टाकला. तिची जीभ गेली तेव्हा तिने माझ्या सहीवर भार टाकला. मध्ये कोणीच नव्हतं.

दोन पर्याय होते आणि मी ते कागदावर लिहिले, कारण मला तसंच सुचतं. एक: बंद करायचं, परत आलेल्या बरण्या बदलून द्यायच्या, बायला काही दिवस पुरेल एवढं द्यायचं. दुसऱ्या पर्यायासमोर मी काहीच लिहिलं नाही. नुसता आकडा लिहून ठेवला.

एक दिवस मध्ये गेला. त्यापुढच्या सकाळी मी दिवाळ्याला गेले. बायने मला पाहिलं आणि पदर खोचला, भांडायचं की रडायचं ते न ठरवता. "सामान न्यायला आलात?"

"जवळा काढ," मी म्हटलं.

"काय?"

"घाणा लाव. मी चाखते."

 इतके दिवस का चाखलं नाही, हे तिने पुष्कळ दिवसांनी विचारलं. परातीत जवळा घेऊन तिने तो तीन पाण्यांतून काढला, पिळला, कापडावर पसरला. मी विचारलं, आज का धुतलास. "पावसासाठी भरलेला हाय, खारा असतो. धुतला की खार उतरतो. मग मीठ आपल्या हातात. तापानंतर मी धुवायचीच नाय, मना कलायचाच नाय किती खारा हाय." मग तव्यावर मंद आचेवर तो परत कोरडा होईपर्यंत, कुरकुरीत होईपर्यंत भाजला. खोबरं, लसूण, मिरची. सगळं कुटून झालं. मिठाचं भांडं तिने माझ्या बाजूला सरकवलं.

"हात करा, ताय. डावा."

मी तळहात पुढे केला. तिने चिमूट ठेवली. मी डोळे मिटले, कारण ती मिटायची.

आधी लसूण आला, मग मिरची, मग भाजलेल्या जवळ्याचा तो गोडसर खमंगपणा, आजोबांच्या ताटाच्या कडेचा. सगळं होतं. मीठ नव्हतं, जवळजवळ नव्हतंच, तरी सगळं होतं. मी डोळे उघडले नाहीत. असं करता येतं, हे मला माहीत नव्हतं. धुऊन घ्यायचं, मीठ घालायचं नाही, चिमूटभर न्यायचं. तक्त्यातली एकही ओळ मोडली नसती. बारा दिवसांत मी कोणालाच विचारलं नाही. ही बाई दहा मिनिटांवर राहत होती, आणि तिच्याकडे त्यांची ऑर्डर होती.

"काय झाला?" बाय म्हणाली. "इतका वाईट?"

"मीठ घाल," मी म्हटलं. "थोडं. अजून. हं."

"झाला?"

"झाला."

धंदा अजून चालतो. बायला आता लसूण कळतो, मिरची कळते, मीठ कधी कळतं कधी नाही. ती चाखते, मग मी चाखते, आणि पटलं नाही तर भांडतो. "ताय, तुमाना मीठ लागतंय कुठं, तुमी बामनांसारख्या झालाव," असं ती मला ऐकवते. जुनी पानं मी फाडली नाहीत. वरच्या फळीवरच्या बरण्यांतली चटणी फेकून दिली, बरण्या धुतल्या, परत वापरल्या. नणंदबाईंना सांगितलं की नेम मोडला. त्या म्हणाल्या, "तरी मी म्हटलं होतं, फणस सोड."

तुमचा साबण आधी स्वतःच्या अंगाला लावा. रोज. एकाने लावला म्हणून दुसऱ्याने लावलाच असेल असं धरू नका. ज्या दिवशी लावायला नकोसा वाटेल त्या दिवशी एकमेकांना तसं सांगा.

आणखी एक गोष्ट, तीही लिहून टाकते. प्रत्येक घाण्यात मीठ पडण्याआधी मी एक चिमूट बाजूला काढते आणि छोट्या डबीत ठेवते. तिच्यावर लेबल नाही, तारीख नाही, वहीत तिला रकाना नाही. घरी आणून जेवणाच्या टेबलावर आजोबांच्या खुर्चीसमोर ठेवते आणि झाकण उघडं ठेवते. मी चिमूट काढते तेव्हा बाय बघते आणि मिठाचं भांडं तेवढा वेळ बाजूला धरते. संध्याकाळपर्यंत वास विरतो. मग मी ती डबी धुते.